पर्फ्युजन एमआरआयवरून "किती वेळ आहे" हे खरंच कळतं का? (ग्लिओब्लास्टोमा)

मुळाकाठची | ५ ऑगस्ट, रात्री १०:४२

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते, लिहिते कमी. माझ्या मोठ्या भावाला (दादा, वय ५२) ग्लिओब्लास्टोमा (मेंदूचा कॅन्सर) आहे. ऑपरेशन झालं, सर्जन म्हणाले दिसणारी गाठ जवळजवळ सगळी काढली, मग सहा आठवडे रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाईडच्या (केमोच्या) गोळ्या असं सगळं पार पडलं. आता त्यानंतरचा पहिला एमआरआय झाला आणि रिपोर्टमध्ये आलंय की कॉन्ट्रास्ट घेणारा भाग आधीपेक्षा वाढलाय, "प्रोग्रेशन की स्यूडोप्रोग्रेशन, पर्फ्युजन आणि स्पेक्ट्रोस्कोपी करून पहावी", म्हणजे वाढ खरी की नुसती भासणारी ते ठरत नाही. दादा तसा बरा आहे, चालतो-फिरतो, पेपर वाचतो, थकवा मात्र खूप आणि डाव्या हाताची पकड जराशी कमी.

ऑन्कॉलॉजिस्टनी पर्फ्युजन (गाठीतला रक्तपुरवठा बघणारा एमआरआय) लिहून दिलंय. वहिनीने विचारलं याने काय कळेल, तर त्यांच्यासोबतचे ज्युनिअर डॉक्टर म्हणाले "याच्यावरून सर्व्हायव्हलचाही अंदाज येतो". तेव्हापासून वहिनीच्या डोक्यात बसलंय की त्या स्कॅनमध्ये तारीख लिहून येणार. रात्रभर जागी असते. भाचा बारावीला आहे, तो अभ्यास सोडून नेटवरचे पेपर मला पाठवतोय, त्यात दोन रेषांचे ग्राफ, एक झपकन खाली येणारी आणि एक सावकाश.

तर दोन प्रश्न. एक, या स्कॅनवरून आयुष्याचा अंदाज येतो हे कितपत खरं? दोन, येत असेल तर विचारावा का? धीर देण्यापुरतं लिहू नका प्लीज, माहीत असेल ते खरं लिहा.

अळूवडी | ५ ऑगस्ट, रात्री ११:०३

ताई, माहिती काही नाही माझ्याकडे पण वाचून गलबलून आलं. दादांना खूप शुभेच्छा. इथे क्षकिरण नावाचे एक रेडिओलॉजिस्ट आहेत, त्यांना कुणीतरी हाक मारा.

गोदाकाठ | ५ ऑगस्ट, रात्री ११:३८

आम्ही यातून गेलोय म्हणून लिहितो. माझ्या बायकोचं अगदी असंच, रेडिएशननंतरच्या पहिल्याच एमआरआयमध्ये "वाढलं". त्या रिपोर्टच्या कागदाकडे बघून मी हॉस्पिटलच्या जिन्यातच बसलो होतो. नंतर पर्फ्युजन झालं, त्यात त्या भागात रक्तपुरवठा कमी दिसला, डॉक्टर म्हणाले ही बहुधा रेडिएशनची प्रतिक्रिया आहे, गोळ्या चालू ठेवू आणि पुन्हा बघू. पुढच्या एमआरआयला तोच भाग लहान झाला. त्याच्या पुढच्याला अजून लहान. ती त्यानंतर दोन दिवाळ्या आमच्यात होती, आणि त्यातली पहिली तर इतकी छान गेली की अनारसे तिने स्वतः केले.

म्हणून सांगतो, "वाढलं" हा शब्द वाचून ठरवू नका. वहिनींना हे वाचून दाखवा.

विदागार | ६ ऑगस्ट, सकाळी ७:५०

मी मेडिकलचा नाही, मशीन लर्निंगमध्ये काम करतो, पण हा विषय माझ्या जवळचा आहे. एमआरआयवरून सर्व्हायव्हल प्रेडिक्ट करणं हे आता बऱ्यापैकी सुटलेलं गणित आहे असं माझं मत. गाठीचा आकार, पोत, कडा, रक्तप्रवाह यातून शेकडो आकडे काढतात, त्याला रेडिओमिक्स म्हणतात, आणि मॉडेल सांगतं की रुग्ण कुठल्या गटात बसतो. डोळ्याला न दिसणारं मशीनला दिसतं. पाच वर्षांत प्रत्येक रिपोर्टच्या खाली एक आकडा छापून येईल बघा. भाच्याला म्हणावं वाचत रहा, योग्य दिशेने चाललाय.

क्षकिरण | ६ ऑगस्ट, दुपारी २:१५

हाक पोचली अळूवडीताई. मोठं लिहितोय, सावकाश वाचा. मुळाकाठची, तुमच्या दादांचा स्कॅन मी पाहिलेला नाही, त्यामुळे हे सगळं सर्वसाधारण समजा.

आधी मूळ अडचण काय ते. साध्या एमआरआयमध्ये आपण गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट देतो. ते मेंदूत कुठे झिरपतं? जिथे रक्तवाहिन्यांची भिंत गळकी झालीय तिथे. कॅन्सर ती भिंत गळकी करतो हे खरं, पण रेडिएशनही करतं. जखम भरताना कडेला लाली आणि सूज येते तशीच ही गोष्ट आहे, उपचार लागू पडतानाच स्कॅन वाईट दिसू शकतो. हेच स्यूडोप्रोग्रेशन. रेडिएशन संपल्यावर पहिल्या तीन महिन्यांत हे जास्त दिसतं आणि साधारण पाचात एक ते तिघांत एक रुग्णात होतं. म्हणूनच उपचाराचा परिणाम मोजायचे जे आंतरराष्ट्रीय नियम २०१० साली आले (रानो म्हणतात त्यांना), त्यात स्पष्ट आहे की पहिल्या १२ आठवड्यांत नुसता कॉन्ट्रास्टचा भाग वाढला म्हणून आजार वाढला असं म्हणायचं नाही, वाढ रेडिएशन दिलेल्या भागाच्या बाहेर असेल किंवा तुकडा काढून तपासला असेल तरच म्हणायचं. २०२३ मध्ये हे नियम सुधारले, तेव्हा रेडिएशननंतरचा पहिला एमआरआय हाच पुढच्या तुलनेचा पाया धरायचा असं ठरलं. म्हणजे दादांचा हा जो स्कॅन आहे ना, तो निकाल नाही, सुरुवातीची नोंद आहे.

आता पर्फ्युजन. हातातून कॉन्ट्रास्ट जोरात सोडतात आणि साधारण दीड-दोन मिनिटं दर सेकंद-दीड सेकंदाला मेंदूची प्रतिमा घेत राहतात. औषध जाताना सिग्नल किती पडतो त्यावरून त्या जागी रक्ताचं प्रमाण किती ते काढतात आणि समोरच्या बाजूच्या निरोगी भागाशी त्याची तुलना करतात. जिवंत वाढणारी गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करते, तिथे हे प्रमाण जास्त येतं. रेडिएशनने मेलेल्या भागात कमी येतं. स्पेक्ट्रोस्कोपीत रसायनं बघतात, कोलीन वाढलेलं आणि एनएए (निरोगी चेतापेशींतलं रसायन) घटलेलं असेल तर गाठीकडे बोट जातं, नुसतं लिपिड-लॅक्टेट दिसलं तर मृत पेशींकडे.

सर्व्हायव्हलचा संबंध इथून येतो. ज्यांची वाढ खोटी ठरते ते गट म्हणून जास्त जगतात, ज्यांची खरी ठरते ते कमी. ज्युनिअर डॉक्टर बोलले ते चूक नाही, पण वाक्य अर्धं आहे. स्कॅन गट सांगतो. माणसाची तारीख सांगत नाही, सांगूही शकत नाही.

विदागार, तुमच्याशी मी सहमत नाही. रात्री लिहितो, आता ओपीडी आहे.

आंबोलीकर | ६ ऑगस्ट, दुपारी ४:३०

माझं मत वेगळं आहे आणि कुणाला आवडणार नाही. मुळात विचारूच नका. माझ्या वडिलांच्या वेळी (पोटाचा कॅन्सर, मेंदूचा नव्हे) एका डॉक्टरांनी महिने सांगितले आणि त्या दिवसापासून आमच्या घरात कॅलेंडरशिवाय काही उरलं नाही. आई जेवण वाढताना मनात मोजायची. ते सांगितल्यापेक्षा जास्त जगले, पण तो जास्तीचा काळही आम्ही धास्तीतच घालवला. आकडा एकदा कानावर पडला की परत काढून टाकता येत नाही.

निळीशाई | ६ ऑगस्ट, संध्याकाळी ६:१२

आंबोलीकर, तुमचं दुःख समजतं, पण आमच्याकडे नेमकं उलट झालं म्हणून लिहिते. बाबांना ग्लिओब्लास्टोमा होता. रेडिएशनला सहा-सात महिने होऊन गेल्यावर वाढ दिसली, पर्फ्युजन बरंच जास्त, ट्यूमर बोर्डात (सगळ्या तज्ज्ञांच्या बैठकीत) सगळे एका मताचे होते की हा आजारच परत आलाय. आमच्या डॉक्टरबाई बाबांच्या समोरच बसल्या आणि म्हणाल्या, "मी महिने सांगणार नाही, पण जे बोलायचं, करायचं ते पुढे ढकलू नका." बाबांनी त्याच आठवड्यात बँकेची नॉमिनेशन, घराचे कागद, सगळं मार्गी लावलं. मग शाळेतल्या मित्रांना घेऊन गणपतीपुळ्याला गेले, व्हीलचेअर घेऊन. बोलणं अडखळायला लागलं त्याआधी त्यांनी आईला जे सांगायचं होतं ते सांगितलं. नंतर ते बोलूच शकत नव्हते. त्या स्कॅनने आम्हाला वेळ दिला असं मी म्हणेन, आणि तो वेळ माहीत नसता तर आम्ही अजून एक तपासणी, अजून एक दुसरं मत यातच घालवला असता.

गोदाकाठ | ६ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४०

निळीशाई, हे वाचून थांबलो थोडा वेळ. आमच्याकडे बोलायचं राहिलं बरंच. तुमचं बरोबर आहे.

सांख्यिक | ६ ऑगस्ट, रात्री ८:५५

भाच्याने पाठवलेल्या त्या दोन रेषांबद्दल लिहितो, कारण माझं आयुष्य असे ग्राफ काढण्यात गेलं (आता निवृत्त).

२००५ सालचा स्टुप यांचा अभ्यास घ्या, ज्यावरून आजची रेडिएशन अधिक टेमोझोलोमाईड ही पद्धत आली. ५७३ रुग्ण. नुसत्या रेडिएशनला मध्यक १२.१ महिने, गोळी जोडली तर १४.६. लोक हा १४.६ आकडा उचलतात आणि "पंधरा महिने दिलेत" म्हणतात. मध्यक म्हणजे फक्त इतकंच की निम्मे त्याच्या अलीकडे आणि निम्मे पलीकडे, आणि पलीकडचे किती पलीकडे याबद्दल तो आकडा काहीच बोलत नाही. त्याच अभ्यासात गोळी घेतलेल्यांपैकी २६.५ टक्के दोन वर्षांनी होते, आणि पाच वर्षांनी ९.८ टक्के होते. नुसत्या रेडिएशनच्या गटात पाच वर्षांनी १.९ टक्के. पाच वर्षांनी दहातला एक. आजार भयंकर आहे यात वाद नाही, पण रेषेला शेपूट आहे आणि त्या शेपटीत खरी माणसं आहेत.

दुसरं, दोन रेषा एकमेकींपासून लांब दिसल्या आणि खाली बारीक अक्षरात फरक लक्षणीय आहे असं लिहिलं, तरी एका माणसाचं भाकीत जमतं असं नाही. "पर्फ्युजन जास्त" गटातले काही लोक "पर्फ्युजन कमी" गटातल्या कित्येकांपेक्षा जास्त जगतात. रेषा सरासरीच्या असतात, त्यात हे झाकलं जातं. भाच्याला सांगा, पेपर उघडला की आधी रुग्णसंख्या बघायची. या विषयातले बरेच पेपर एकाच हॉस्पिटलचे आणि चाळीस-पन्नास रुग्णांचे असतात, आणि जास्त-कमी ठरवायची सीमारेषा त्याच चाळीस जणांवरून काढलेली असते. मग ती त्यांच्यावर छान चालणारच.

देवगडचा_पेटारा | ६ ऑगस्ट, रात्री ९:१०

सांख्यिककाका, कॉलेजात मध्यक शिकवायला तुम्ही असता तर माझे मार्क वाढले असते.

क्षकिरण | ६ ऑगस्ट, रात्री १०:३०

सांख्यिकांनी माझं अर्धं काम केलं. उरलेलं, विदागार यांच्यासाठी.

ब्रॅट्स नावाची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा २०१२ पासून चालते, मेंदूच्या गाठींचे एमआरआय देतात आणि संगणकाने गाठ आखून दाखवायची. आखण्याच्या कामात मशीन फार पुढे गेलंय, मी स्वतः वापरतो. पण २०१७ ते २०२० या काळात त्यात सर्व्हायव्हलचंही काम होतं. फक्त तीन खाने: १० महिन्यांच्या आत, १० ते १५, आणि १५ च्या वर. जगभरचे हुशार लोक, भरपूर कम्प्युटर, आणि सर्वांत चांगल्या मॉडेलची अचूकता साठ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दहातल्या चार जणांचा खाना चुकला. त्यातही रुग्णाचं वय हा मोठा आधार होता, जे सांगायला एमआरआय लागत नाही. २०२१ मध्ये एमआरआयवरून एमजीएमटी (गाठीतलं एक जनुक) कसं आहे ते ओळखा अशी स्पर्धा झाली, तिथे पहिला आलेलाही नाणेफेकीच्या जरासाच वर होता. हे सुटलेलं गणित नाही हो.

आणि एक व्यवहारातली गोष्ट. पर्फ्युजनचा तोच कच्चा डेटा दोन वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला तर आकडे वेगळे येतात. औषध सोडायचा वेग, गळतीची दुरुस्ती केली की नाही, मशीन दीड टेस्लाचं की तीनचं, रुग्ण डेक्सावर (सूज उतरवणारं स्टेरॉइड) आहे का, या सगळ्याने फरक पडतो. जुनं रक्त साचलेलं असेल किंवा गाठ कवटीच्या तळाशी, सायनसजवळ असेल तर प्रतिमाच विस्कटते. म्हणून "आमचं १.९ आलं, तुमचं किती" अशी व्हॉट्सॅप ग्रुपवरची तुलना कृपया करू नका.

विदागार | ६ ऑगस्ट, रात्री ११:२०

डॉक्टर, साठ टक्क्यांचा मुद्दा मान्य, पण त्या स्पर्धेतले स्कॅन ऑपरेशनच्या आधीचे होते. इथे प्रश्न उपचार झालेल्या रुग्णाचा आहे. उपचाराला गाठ कसा प्रतिसाद देते हे एकदा दिसलं की अंदाज सुधारायला हवा, नाही का?

क्षकिरण | ७ ऑगस्ट, सकाळी ६:४५

हा प्रश्न फार चांगला आहे, आणि इथे तुमची बाजू भक्कम आहे. एका स्कॅनपेक्षा दोन स्कॅनमधला बदल जास्त बोलतो. अमेरिकेत परत आलेल्या ग्लिओब्लास्टोमावर बेव्हॅसिझुमॅब देऊन एक बहुकेंद्री अभ्यास झाला होता, त्यात औषध सुरू केल्यावर दोनच आठवड्यांनी पर्फ्युजन पाहिलं. ज्यांच्या गाठीतलं रक्ताचं प्रमाण घटलं ते वाढलेल्यांपेक्षा जास्त जगले. पर्फ्युजनचे रुग्ण पस्तीस-चाळीसच होते, तरी अनेक हॉस्पिटलं मिळून केलेलं काम म्हणून मी त्याला किंमत देतो.

आता त्याच औषधाची दुसरी बाजू बघा. बेव्हॅसिझुमॅब गळक्या रक्तवाहिन्या बंद करतं, त्यामुळे कॉन्ट्रास्ट झिरपायचं थांबतं आणि स्कॅन दोन दिवसांत सुंदर दिसायला लागतो. नातेवाईक पेढे घेऊन येतात. पण नव्याने निदान झालेल्यांवरचे दोन मोठे अभ्यास २०१४ मध्ये आले, त्यात आजार थोपवलेला काळ वाढला, आयुष्य वाढलं नाही. एकात तर १६.८ विरुद्ध १६.७ महिने. सूज उतरते, डेक्सा कमी करता येतो, रुग्णाला बरं वाटतं, रेडिएशनने मेलेल्या भागाच्या सुजेवर तर ते खरंच उपयोगी आहे. पण साधा स्कॅन चांगला दिसला म्हणजे आयुष्य वाढलं हे समीकरण तिथे साफ मोडतं. म्हणून साध्या कॉन्ट्रास्टच्या पलीकडचे स्कॅन हवेत, आणि म्हणून मी यावर इतकं लिहितोय.

पिंपळपान७ | ७ ऑगस्ट, सकाळी ९:०५

ताई, हे स्कॅन वगैरे ठीक आहे, पण गुळवेल आणि गोमूत्र अर्क चालू करा, आमच्या ओळखीत एकांना मेंदूची गाठ पूर्ण गेली. नंबर व्यनि करते.

क्षकिरण | ७ ऑगस्ट, सकाळी ९:४०

पिंपळपान, तुमचा हेतू चांगला आहे हे माहीत आहे, तरी सांगतो. टेमोझोलोमाईड चालू असताना लिव्हर आणि रक्तपेशींवर आधीच ताण असतो. गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्यात. लिव्हर बिघडलं तर गोळ्या थांबवाव्या लागतात, आणि त्या गोळ्यांचाच तर आधार आहे. काहीही सुरू करायच्या आधी ऑन्कॉलॉजिस्टना सांगा, लपवू तर अजिबात नका.

संपादक | ७ ऑगस्ट, सकाळी १०:००

या धाग्यावर औषधं सुचवू नयेत आणि नंबर देऊ नयेत. चर्चा विषयाला धरून चालू द्या.

राईनकाठचा | ७ ऑगस्ट, दुपारी १:२५

जर्मनीहून. माझ्या इथल्या सहकाऱ्याला असाच संभ्रम झाला होता, पर्फ्युजन मधलंच आलं, इकडे ना तिकडे. मग एफईटी पेट स्कॅन केलं. नेहमीच्या पेटमध्ये साखर वापरतात, पण मेंदू स्वतःच इतकी साखर खातो की सगळाच उजळतो आणि गाठ वेगळी दिसत नाही. एफईटी हे अमिनो आम्ल आहे, निरोगी मेंदू ते कमी घेतो, गाठ जास्त घेते, त्यामुळे फरक स्वच्छ दिसतो. युलिश इथल्या संशोधन केंद्रात यावर फार काम झालंय आणि या भागात डॉक्टर ते सहज लिहून देतात. भारतात मिळतं का?

क्षकिरण | ७ ऑगस्ट, दुपारी ३:५०

मोजक्या मोठ्या केंद्रांत मिळतं, अमिनो आम्लाचा प्रकार वेगवेगळा असतो. अडचण अशी की एफईटीतलं किरणोत्सारी फ्लोरीन-१८ निम्मं व्हायला ११० मिनिटं लागतात, म्हणजे जवळपास सायक्लोट्रॉन (असे पदार्थ बनवणारं यंत्र) हवा. कार्बन-११ वालं मेथिओनीन तर २० मिनिटांत निम्मं होतं, त्याला सायक्लोट्रॉन त्याच आवारात लागतो. जळगाव-लातूरच्या रुग्णाला हे सांगून उपयोग काय, त्याला साधं पर्फ्युजन नीट झालं तरी मोठी मदत होते. म्हणून मी पर्फ्युजनच्या बाजूने आहे, मशीन आहेतच गावोगाव, प्रोटोकॉल नीट पाळायला हवा.

चिंचपोकळी | ७ ऑगस्ट, संध्याकाळी ७:३०

मी रुग्ण आहे. वय ४१, गाठ माझी, ऑपरेशन २०१९ चं. हा धागा कालपासून वाचतोय.

माझा आजार ग्लिओब्लास्टोमा नाही, आयडीएच नावाच्या जनुकात म्युटेशन असलेला ॲस्ट्रोसायटोमा (मेंदूच्या गाठीचा वेगळा प्रकार) आहे, आधी रिपोर्टवर वेगळं नाव होतं, २०२१ च्या नव्या वर्गीकरणानंतर बदललं. म्हणून ताईंच्या दादांशी माझी तुलना करू नये. पण स्कॅनबद्दल सांगू शकतो. दर स्कॅनच्या आधीचा आठवडा मी घरात कुणाशी नीट बोलत नाही, हे बायकोला आता पाठ झालंय, ती त्या आठवड्यात मुद्दाम पाहुणे बोलवत नाही. मशीनमध्ये आवाज सुरू झाला की मी मनात लोकलची स्टेशनं म्हणतो, सीएसएमटीपासून कर्जतपर्यंत. पर्फ्युजन असलं की खोपोली लागतं.

विचारायचं की नाही यावर माझं म्हणणं असं की नातेवाइकांनी आपापसात ठरवू नका, दादांना विचारा. इतक्या प्रतिसादांत कुणीच हे म्हटलं नाही. तो पेपर वाचतो म्हणता, मग त्याला काय आणि किती जाणून घ्यायचंय ते त्यानेच सांगू दे. मी माझ्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगितलं, की पुढचा निर्णय काय आहे तेवढं मला सांगा, आकडे मी मागेन तेव्हाच द्या. अजून मागितले नाहीत.

अळूवडी | ७ ऑगस्ट, संध्याकाळी ७:५२

चिंचपोकळी, खोपोलीपर्यंत नेहमी सुखरूप पोचा. मनापासून.

आंबोलीकर | ७ ऑगस्ट, रात्री ८:२०

हे पटलं. बाबांना आम्ही विचारलंच नव्हतं, आम्हीच बाहेर कॉरिडॉरमध्ये ऐकलं आणि आम्हीच लपवलं. माझा विरोध आकड्याला आहे तसाच तो लपवण्यालाही असायला हवा होता.

निळीशाई | ७ ऑगस्ट, रात्री ८:४५

+१. आणि ताई, एमजीएमटीचा रिपोर्ट आलाय का दादांचा? आमच्या डॉक्टरबाई प्रत्येक स्कॅन वाचताना तो कागद शेजारी ठेवायच्या.

मुळाकाठची | ७ ऑगस्ट, रात्री ११:१५

सगळ्यांचे किती आभार मानू. सगळं दोनदा वाचलं, वहिनीलाही वाचून दाखवलं. गोदाकाठ, तुमचा प्रतिसाद तिने फोनवर सेव्ह केलाय.

निळीशाई, फाईल उघडून बघितलं, एमजीएमटी मिथायलेटेड आहे, आयडीएच वाइल्ड टाइप. हे चांगलं की वाईट?

चिंचपोकळी, आज संध्याकाळी दादालाच विचारलं. मला वाटलं होतं तो चिडेल. तो म्हणाला, "मला फक्त एवढं सांगा की गोळ्या चालू ठेवायच्या की नाही, आणि मी निखिलच्या बारावीपर्यंत गाडी चालवायची स्वप्नं बघू नयेत का." मग दोघंही हसलो, कारण फिट आल्यापासून गाडी बंदच आहे.

क्षकिरण | ८ ऑगस्ट, सकाळी ६:५५

मिथायलेटेड असणं चांगलं. आयडीएच वाइल्ड टाइप म्हणजे त्या जनुकात म्युटेशन नाही. एमजीएमटी हे पेशीतलं दुरुस्ती करणारं प्रथिन, टेमोझोलोमाईडने केलेलं नुकसान ते भरून काढतं. जनुक मिथायलेटेड म्हणजे ती दुरुस्ती बंद, गोळी जास्त लागू. २००५ च्याच अभ्यासातल्या रुग्णांत, मिथायलेटेड आणि गोळी घेतलेल्यांचा मध्यक २१.७ महिने होता, मिथायलेटेड नसलेल्यांचा १२.७. सांख्यिकांनी मध्यकाबद्दल लिहिलेलं हे वाचतानाही लक्षात ठेवा.

आणि तुमच्यासाठी याहून महत्त्वाचं म्हणजे मिथायलेटेड रुग्णांत स्यूडोप्रोग्रेशन जास्त प्रमाणात दिसतं. वय ५२, गाठ जवळजवळ पूर्ण काढलेली, चालता-फिरता माणूस, मिथायलेटेड, रेडिएशननंतरचा पहिलाच स्कॅन. हे सगळं एकत्र ठेवून पर्फ्युजन वाचायचं असतं. रिपोर्टवर क्लिनिकल माहितीच्या रकान्यात नुसतं "ग्लिओब्लास्टोमा फॉलोअप" असं लिहून रुग्ण आला तर मलाही धड वाचता येत नाही. रेडिएशन कधी संपलं, एमजीएमटी काय, डेक्साचा डोस वाढला की कमी झाला, हे एका कागदावर लिहून न्या.

दादांचा प्रश्न अगदी नेमका आहे. पर्फ्युजन कमी आलं तर गोळ्या चालू आणि पुन्हा स्कॅन. स्पष्ट जास्त आलं आणि लक्षणंही वाढली तर ट्यूमर बोर्डात पुन्हा ऑपरेशन, वेगळी केमो, पुन्हा रेडिएशन यावर बोलणं. मध्येच आलं, जे बरेचदा येतं कारण एकाच डागात जिवंत गाठ आणि मेलेला भाग दोन्ही मिसळलेले असतात, तर चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा बघायचं. काही ठिकाणी आता सरासरी आकडा न देता त्या डागाचा किती टक्के भाग गाठीसारखा वागतोय असा रंगीत नकाशा देतात, तो मिळाला तर मागून घ्या.

विदागार | ८ ऑगस्ट, सकाळी ८:३०

मॉडेलवाल्यांनी खरं तर हे गणित सोडवायला हवं, "किती महिने" नव्हे तर "गोळी चालू ठेवायची का". डॉक्टर, तुम्हाला व्यनि करतोय, मला यावर काम करायला आवडेल.

सांख्यिक | ८ ऑगस्ट, सकाळी ८:४१

मलाही त्यात घ्या. रुग्णसंख्या मोजायला तरी उपयोगी पडेन. आणि एकाच हॉस्पिटलचा डेटा घेऊन सुरू करू नका.

देवगडचा_पेटारा | ८ ऑगस्ट, दुपारी १२:१०

एक व्यवहारी प्रश्न, माझ्या मावशीचंही पुढच्या महिन्यात आहे म्हणून. पर्फ्युजनला जाताना काय काळजी घ्यायची?

चिंचपोकळी | ८ ऑगस्ट, दुपारी १:००

अनुभवावरून. क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) ताजा रिपोर्ट न्या, नाहीतर कॉन्ट्रास्ट देताना अडवतात. सुई नेहमीपेक्षा जाड लागते कारण औषध मशीनने जोरात सोडतात, आणि केमोमुळे शिरा सापडत नाहीत, त्यामुळे चांगली शीर कुठली ते आधीच सिस्टरला दाखवा आणि सकाळपासून पाणी भरपूर प्या. फिटची गोळी वेळेवर घेऊनच जायचं. तेवढी दोन मिनिटं डोकं अजिबात हलवायचं नाही, खोकला येत असेल तर आधी सांगायचं.

क्षकिरण | ८ ऑगस्ट, दुपारी २:२०

सगळं बरोबर. भर एवढीच की आधीच्या सगळ्या एमआरआयच्या सीडी न्या, फिल्म नव्हे, विशेषतः ऑपरेशननंतर लगेचचा आणि रेडिएशननंतरचा. परत येताना पर्फ्युजनच्या कच्च्या प्रतिमांसकट सगळं डायकॉममध्ये (स्कॅनच्या मूळ फाईली) पेनड्राइव्हवर मागा, बरीच सेंटर फक्त रंगीत चित्रं देतात आणि दुसऱ्या मताच्या वेळी तेवढ्यावर काहीच करता येत नाही. शक्य असेल तर पुढचा स्कॅनही त्याच मशीनवर.

मुळाकाठची | ८ ऑगस्ट, रात्री ९:३५

कागद तयार केला, निखिलनेच टाईप केला. रेडिएशन संपल्याची तारीख, एमजीएमटी, डेक्साचे डोस सगळं. ग्राफ बघणं बंद कर म्हटलं तर म्हणाला, आधी रुग्णसंख्या बघतो आत्या, चाळीसच्या खाली असले तर उघडतच नाही. अपॉइंटमेंट सोमवारी सकाळी ८ ची मिळालीय. क्षकिरण, दादा सध्या डेक्सा दिवसातून दोनदा घेतो, स्कॅनच्या सकाळी घ्यायचा की नाही?

क्षकिरण | ८ ऑगस्ट, रात्री ९:५०

घ्यायचा, नेहमीच्या वेळी नेहमीचा डोस. स्कॅनसाठी स्वतःहून कमी-जास्त करायचा नाही. बंद तर मुळीच नाही.